दोन दारं, दोन मीटर

नाशिक
६ नोव्हेंबर १९९७

चि. सरूस दादाचे आशीर्वाद.

तुझं दिवाळीचं पत्र आणि अनारसे दोन्ही पोचले. अनारसे मिरजेहून इथे येईपर्यंत एकमेकांत मिसळून गेले होते, पण चव तीच. चिरंजीव गौरांगला बडोद्याहून यायला रजा मिळाली नाही. मी ठीक आहे.

रिटायर झाल्यावर एकटा दिवसभर करतोस काय, असं तू विचारलंस. सध्या विजेचं बिल कमी करतो. फ्रिज बंद करून त्यात रद्दी ठेवली आहे, झुरळं लागत नाहीत. गिझर काढून माळ्यावर टाकला. गच्चीवर एका पिंपाला काळा रंग दिला आहे, त्यातलं पाणी दुपारपर्यंत उन्हाने चांगलं तापतं, म्हणून आंघोळ दुपारी करतो. संध्याकाळी स्वयंपाकघरातली एक ट्यूब लावतो. तिथेच जेवतो, तिथेच वाचतो, हे पत्रही तिथेच लिहितो आहे. बाकीच्या खोल्यांत मला काही काम नसतं. पाटबंधारे खात्यात जन्मभर सरकारचं पाणी वाचवलं, आता स्वतःची वीज वाचवतो.

अडचण एकच आहे. समोरचा फ्लॅट विकला गेला आणि तिथे नवसाबाई विधाते नावाच्या बाई राहायला आल्या आहेत. विधवा, एकट्याच. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा आहे, तो मुलगा बघतो. या पहाटे उठून फूलबाजारात गाळ्यावर बसतात आणि उन्हं वर आली की परत येतात. त्यांच्या घरात सगळे दिवे चालू असतात. सगळे म्हणजे ज्या खोलीत कोणी नाही तिथलेही. टीव्ही हॉलमध्ये बोलत असतो आणि बाई बाल्कनीत असतात. ते त्यांचं बिल आहे, मी बोलणार नाही. पण जिन्यातला दिवा सोसायटीच्या मीटरवर आहे आणि सोसायटीचा सेक्रेटरी मी आहे. मी तिथे पंधराचा बल्ब लावला होता. दुसऱ्या दिवशी पाहतो तर शंभरचा.

मी त्यांचं दार वाजवलं. विचारलं, "हा बल्ब आपण लावलात का?"

"हो. आधीचा गेला व्हता ना."

"गेला नव्हता. तो तेवढाच लागतो."

त्या म्हणाल्या, "भाऊ, मी लग्न होऊन आले तवा मळ्यात लाइट नव्हती. आली तवा माझा महेश शाळंत जात व्हता. आता लाइट हाय, तर अंधारात कशाला बसायचं?"

मी म्हटलं, जिन्यात कोणी बसत नाही.

"मंग पडत आसतील," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी सभा बोलावतो आहे.

तुझा
दादा

ता. क. उत्तर आंतरदेशीयवरच लिही. पाकिटाला जास्त पडतात आणि तू काही तेवढं लिहीत नाहीस.


मिरज
२२ नोव्हेंबर १९९७

ती. दादास सरोजिनीचा नमस्कार.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. फ्रिजमधली रद्दी त्यांना फार पटली. त्यांनी त्याच दिवशी आमचा गिझर बंद केला. मग थंडी पडली आणि त्यांनीच तो चालू केला. तेव्हापासून आमच्या घरात त्या विषयावर बोलणं नाही.

तू घरात लक्ष घातलंस हे बरं झालं. मालतीवहिनी जाऊन अडीच वर्षं झाली. तू कोपऱ्यात बसून राहशील असं मला वाटायचं, ती काळजी गेली. पण दुपारी आंघोळ म्हणजे फारच झालं. आपले अप्पा रामकुंडावर यजमानांची श्राद्धं चालवायला पहाटे अंग ओलं करून जायचे, आणि त्यांचा मुलगा उन्हाची वाट बघत टॉवेल घेऊन बसतो.

त्या बाईंशी मात्र जपून वाग. माणसं वाईट असतील असं मी म्हणत नाही, पण रीत वेगळी असते. काय असेल ते लेखी कळव, दारात उभं राहून बोलू नकोस. आणि त्यांच्याकडून काही खायला आलं तर घेऊ नकोस. वाटी रिकामी परत देता येत नाही, मग येणं-जाणं सुरूच राहतं.

सरू


नाशिक
१८ फेब्रुवारी १९९८

चि. सरूस दादाचे आशीर्वाद.

सभा झाली. वरचे दोन फ्लॅट आले नाहीत. नवसाबाई शंभरच्या बल्बच्या बाजूने, मी विरुद्ध. मतं समसमान पडली तर सेक्रेटरीला जादा मत असतं, ते मी वापरलं आणि दिवा काढून टाकण्याचा ठराव मंजूर झाला. नवसाबाई पहाटे बॅटरी घेऊन उतरतात. जाताना माझ्या दारावर बॅटरीचा झोत टाकून जातात, असं मला वाटतं. मी उठून पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट अशी की मी सौरचूल घेतली. गोल्फ क्लबच्या मैदानावर प्रदर्शन भरलं होतं, तिथे सवलतीत मिळाली. आतून काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. काळ्या डब्यांत डाळ-तांदूळ घालून गच्चीवर उन्हात ठेवायचे, गॅस लागत नाही. मात्र ऊन सरकेल तशी पेटी फिरवावी लागते, आणि मी दुपारी वाचनालयात असतो. पहिल्या दिवशी परत आलो तर वाटलं, भात कच्चा असणार. भात शिजलेला होता. पेटी कोणीतरी फिरवली होती.

पुढच्या आठवड्यात पेटी उघडली तर आत चार डबे होते, त्यांतले माझे दोन. नवसाबाई गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या.

"जागा रिकामी व्हती," त्या म्हणाल्या.

मी विचार केला. चार डब्यांची चूल दोन डब्यांसाठी उन्हात ठेवणं हा अपव्यय आहे, हे मला नाकारता येईना. तेव्हापासून चारही डबे भरतात. त्यांच्या भरल्या वांग्यांत शेंगदाण्याचं कूट जास्त असतं. माझ्या वरणात मीठ नसतं असं त्यांचं म्हणणं आहे, पण आता ते घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. अन्न खाली नेईपर्यंत निवतं, म्हणून आम्ही गच्चीवरच जेवतो. त्यात दिव्याचाही खर्च नाही.

तू वाटीबद्दल लिहिलं होतंस. वाटीचा प्रश्न आला नाही, डबेच असतात.

तुझा
दादा


मिरज
२ मे १९९८

ती. दादास नमस्कार.

फेब्रुवारीतल्या पत्राला मी लगेच उत्तर पाठवलं होतं. त्यात मी विचारलं होतं की गौरांगला हे माहीत आहे का. सौरचुलीबद्दल नव्हतं विचारलं. ते तुला लागलं असावं, कारण पाडवा गेला, रामनवमी गेली, तुझं पत्र नाही.

तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू ऊन वाया जाऊ नये म्हणून गच्चीवर जेवायला बसलास हे मी मानते. पण खालून बघणाऱ्या लोकांना ऊन दिसत नाही, दोन माणसं दिसतात.

रागावला असशील तर तसं लिही. पण लिही.

सरू


नाशिक
१४ मे १९९८

सरोजिनीताईंना नवसाबाई विधातेचा नमस्कार.

तुम्ही मला वळखत नाय. मी तुमच्या भावाच्या समोर राहते. तुमचा पत्ता तुमच्या पत्राच्या मागून घेतला. आतलं वाचलं नाय. चौथीपोत शिकले, म्हणून अक्षर गोड मानून घ्या.

तुमचे भाऊ गायधनी जिन्यात पडले. संध्याकाळचं दूध आणायला उतरले, अंधार पडला व्हता, पायरी चुकली. मी मळ्यातून आले तवा बॅटरीच्या उजेडात दिसले. किती येळ पडून व्हते ते त्यांनाच माहीत. हाक का नाय मारली म्हणून विचारलं तर म्हणे, कोणाला त्रास कशाला. पायाचं हाड दोन जागी मोडलंय. माझ्या महेशनं फुलांच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. आता प्लास्टर हाय, घरीच हायेत. दोघांची दारं उघडी ठेवते, म्हणजे त्यांनी भांडं पाडलं तरी मला कळतं.

मी जिन्यात शंभरचा बल्ब लावला. ते खाटेवरून म्हणे, ठराव रद्द करायला सभा घ्यावी लागंल. मी म्हणले, सभा झाली, तुमचं मत धरलं नाय, तुम्ही आजारी व्हते.

त्यांच्या जेवणाची काळजी करू नका. माझ्या गळ्यात तुळशीची माळ हाय, माझ्या घरात वशाट शिजत नाय. हे तुम्हाला ठाऊक पाहिजे म्हणून लिवलं.

तुमचं पत्र त्यांच्या उशाला हाय. रोज काढतात, काय लिवू म्हणतात, परत ठेवतात. तुम्हाला कळवू नका म्हणून मला बजावलंय. म्हणून ह्ये पत्र मी बाजारातून टाकते. तुम्ही या.

नवसाबाई


मिरज
२ जुलै १९९८

ती. दादास नमस्कार.

सुखरूप पोचले. तुझं प्लास्टर निघालेलं डोळ्यांनी बघून निघाले, त्यामुळे त्या बाजूने मन निवांत आहे. काठी सोडू नकोस.

निघताना मी जे बोलले ते जास्त बोलले असेन, पण मागे घेत नाही. जेवताना भाताची मूद फोडावी तितक्या सहज तू म्हणालास की नवसाबाईंशी लग्न करायचा विचार आहे. मला वाटलं, पायाच्या गोळ्यांनी तुला गुंगी आली. गुंगी नव्हती, हे दुसऱ्या दिवशी तू तेच वाक्य पुन्हा म्हणालास तेव्हा कळलं.

त्या बाईंनी तुझं केलं, त्याला तोड नाही. मी तीन आठवडे बघितलं आहे आणि खोटं बोलणार नाही. पण दादा, पंचवटीत अजून अप्पांच्या नावाने आपल्याला ओळखतात. गौरांगच्या आईच्या जागी तू माळ्यांच्या घरची बाई आणणार, ती फुलांच्या गाळ्यावर बसणार, आणि माझ्या सासरी मी काय सांगू? या वयात कोणाला लेकरंबाळं हवी आहेत? सोबत हवी, ती आहेच.

आणि एक सांगते. मी तिथे असताना तूच मला विजेचे दर समजावून सांगितलेस. पहिल्या काही युनिटांना दर कमी, त्यापुढे गेलं की दर चढतो. म्हणून दोन घरं दोन मीटरवर राहिली तर दोघांनाही स्वस्तात पडतं, आणि एका मीटरवर आली की चढ्या दरात जातात. हे तुझेच शब्द. मग राहू देत की दोन दारं आणि दोन मीटर. जेवा एकत्र. आजारपणात त्या तुला बघतील, तू त्यांना बघ. कोणाला काही बोलायला जागा राहणार नाही, आणि तुझ्या हिशेबानेही हेच बरोबर आहे.

शांतपणे विचार कर.

सरू


नाशिक
९ ऑगस्ट १९९८

चि. सरूस दादाचे आशीर्वाद.

तुझं विजेच्या दराचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मी पुन्हा आकडे मांडून पाहिले. लग्न महाग पडतं. त्यात दुमत नाही.

मी नवसाबाईंना गच्चीवर विचारलं होतं, तू यायच्या आधी, पाय मोडायच्याही आधी. तू समजतेस तसं त्यांनी मला गुंडाळलेलं नाही. मी विचारल्यावर त्यांनी हातातला डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "येवढे दिवस भाऊ म्हणत आले. आता काय म्हणू?" मी म्हटलं, नुसतं गायधनी म्हणा, ऑफिसात तसंच म्हणायचे. त्या मळ्यात निघून गेल्या. परत यायला त्यांनी बरेच दिवस लावले. त्या दिवसांत मी सौरचूल लावली नाही. दोन डब्यांसाठी लावावीशी वाटली नाही.

आल्या त्या मुलाला आणि सुनेला घेऊनच. महेशचं तोंड उतरलेलं होतं. त्याची बायको रूपाली जिन्याकडे बघत बसली. मग महेश म्हणाला, "काका, आमच्या आईला अंधारात ठेवणार नाय ना?" त्याला कुठला अंधार म्हणायचा होता ते मी विचारलं नाही. दोन्ही अर्थांनी नाही म्हणून सांगितलं. मग नवसाबाई म्हणाल्या, "झालं तुमचं? चहा ठेवते," आणि ते तेवढ्यावर मिटलं.

गौरांगला एसटीडी बूथवरून फोन केला. सांगून झाल्यावर तो काही बोलेना. समोर बिलाचे लाल आकडे पळत होते. मी फोन ठेवला नाही, घाईही केली नाही. शेवटी तो म्हणाला, "बाबा, मग आता दिवाळीला मी कुठल्या दारात यायचं?" मी म्हटलं, समोरच्या. पाटीवर नाव हेच असेल.  मग त्याने विचारलं, पाय कसा आहे. त्याला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण फोन त्यानेही ठेवला नाही.

नोंदणी पद्धतीने करणार आहोत. आधी महिनाभर नोटीस लावावी लागते, ती पुढच्या महिन्यात देऊ. मी त्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार. माझा मीटर बंद करायचा अर्ज लिहून ठेवला आहे. फ्लॅट भाड्याने द्यायचा तेव्हा पुढचं पुढे.

अप्पांचं म्हणशील तर ते असते तर रागावले असते. ते माझ्या पाटबंधारे खात्यातल्या नोकरीवरही रागावले होते.

तारीख कळवीन. येणं न येणं तुझ्यावर. तुझ्या सासरी काय सांगायचं ते मला सुचत नाही. जे झालं तेच सांगावं असं वाटतं.

तुझा
दादा


नाशिक
५ जानेवारी १९९९

चि. सरूस दादाचे आशीर्वाद.

तारीख कळवूनही तू आली नाहीस. तुझं ना पत्र ना मनिऑर्डर. मी रागावलेलो नाही. नवसाबाईंनी तुझ्यासाठी वेगळी काढलेली साडी कपाटात आहे, ती कपाटातच ठेवणार म्हणतात.

एका मीटरवरचं पूर्ण महिन्याचं पहिलं बिल आलं. आमच्या दोघांच्या आधीच्या बिलांची बेरीज केली त्यापेक्षा जास्त आलं. तू सांगितलंस तसंच झालं.

ते भरायला रांगेत उभा होतो तेव्हा एक गोष्ट आठवली. ती मी तुला कधी सांगितलेली नाही, म्हणजे सांगण्यासारखी वाटली नव्हती. मालती गेली त्याच्यानंतर जे बिल आलं ते निम्मं होतं. मी काहीच केलं नव्हतं. फ्रिज चालू होता, गिझर चालू होता. खिडकीवरचा माणूस आधीचं बिल बघून म्हणाला, "वा, काका, चांगली बचत केलीत." मी मान हलवली आणि बाहेर आलो. सायकलचं कुलूप काढता येईना. ते निम्मं झालेलं बिल मला घरात ठेवावंसं वाटेना. मग एकेक बंद करत गेलो. फ्रिज, गिझर, खोल्या. म्हणजे कोणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं की हो, मी कमी केलं.

या वेळी खिडकीवर दुसरा माणूस होता. म्हणाला, "काका, यंदा बिल बरंच वाढलंय." मी म्हटलं, हो, वाढलं आहे. घरी आलो. नवसाबाई बाहेर होत्या आणि टीव्ही चालू होता. मी तो बंद केला नाही. खुर्ची ओढून बघत बसलो. कसला तरी शेतीचा कार्यक्रम होता.

तुझा
दादा


मिरज
१९ फेब्रुवारी १९९९

सौ. नवसावहिनींस सरोजिनीचा नमस्कार.

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावाने टाकलं आहे. पाकिटात घातलं आहे म्हणून दादा कुरकुर करेल. करू दे. त्याला आधी वाचायला देऊ नका.

दादाचं जानेवारीचं पत्र आलं. ते मी ह्यांना वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच थांबले. पुढचं त्यांनी स्वतः वाचलं. वाचून चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "तू नाशिकला कधी जाते आहेस?"

जूनमध्ये मी तिथून निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळचं तुम्हाला सांगायचं आहे. मी दादाच्या गोळ्या घेऊन वर येत होते. तुमचं दार उघडं होतं. पंखा, टीव्ही, दोन ट्यूब, सगळं चालू. दादा पाय स्टुलावर ठेवून बसला होता आणि तुमच्याशी भांडत होता. बाल्कनीतला दिवा उगाच जळतो आहे म्हणून. तुम्ही भाजी निवडत होतात. वर न बघता म्हणालात, "उठून बंद करा." नुकतं प्लास्टर निघालेला पाय घेऊन तो काय उठणार? तो हसायला लागला.

वहिनी, मालतीवहिनी गेल्यापासून दादा कोणाशीही भांडलेला नव्हता. माझ्याशी नाही, गौरांगशी नाही, दूधवाल्याशीसुद्धा नाही. आम्ही सगळे म्हणायचो, किती समजूतदार झाला. मी गोळ्यांची पिशवी घेऊन जिन्यात उभी होते आणि तुमचं भांडण संपेपर्यंत आत आले नाही. मग आत येऊन मी काय काय बोलले ते तुम्हाला माहीत आहे. सासरी काय सांगू, हा प्रश्न मला खरंच पडला होता. आता सगळं सांगून झालं. सासूबाई म्हणाल्या, फुलांचा मळा आहे तर बरं आहे, आणि माळ जपत बसल्या.

दादाबद्दल थोडं सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. त्याला ताप आला तर तो सांगत नाही, पण वर्तमानपत्र उलटं धरतो. कोणी गेल्याची बातमी आली की त्याला कपडे वाळत घालायला द्यावे, हाताला काम लागतं. भांडणात तो हरायला लागला की नियम काढतो. तेव्हा त्याच्याकडे लक्ष देऊ नये, ते तुम्हाला आधीच जमलेलं दिसतं.

साडी कपाटातच ठेवा. एप्रिलमध्ये आम्ही दोघं येतो आहोत, चांगले दहा दिवस. गौरांगलाही मी बडोद्याला लिहिलं आहे, तोही येतो म्हणाला. ह्यांना झोपताना पंखा पाचवर लागतो आणि पहाटे आंघोळीला कडकडीत पाणी. माझी नात बरोबर असेल, ती दिवा मालवून झोपत नाही. दादाला यातलं आताच काही सांगू नका.

तुमची नणंद
सरोजिनी